चिंचेकडचा गोल

चांदा, रविवार, १७ नोव्हेंबर १९५७

आज फुटबॉलचा सामना पाहिला, आणि शामियान्यात खुर्च्या रिकाम्या असताना धुळीत बसून पाहिला.

शील्डच्या कमिटीचे सेक्रेटरी नानाजी ठेकेदार लाकडाचा धंदा करता करता स्वतःच ओंडका झाले आहेत. मला म्हणतात, "मेट्रनबाई, बायकांची सोय नाई केली यंदा." यंदा! जणू गेल्या वर्षी गाद्या-लोड घातले होते. मी म्हटलं, "तुमची तिन्ही मुलं माझ्या हातांनी जगात आली, तेव्हा बाईमाणसाचीच सोय लागली होती." तर पानाची पिंक टाकून म्हणाले, "घरी बसून रेडिओ ऐका ना." चांदा आणि राजुऱ्याचा सामना, रेडिओवर!

मला जायचंच होतं. नागपूरला कॉन्व्हेंटच्या वरच्या मजल्यावर एक खिडकी होती. तिच्यातून पलटणीचे सोजीर फुटबॉल खेळताना दिसत. सिस्टर बर्थाला कळलं तेव्हा तिनं ती खिडकी खिळे ठोकून बंद केली. सामना अर्धाच झाला होता. पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही. नंतर दवाखान्यात सगळा जन्म गेला आणि रविवारची सुटी म्हणजे काय, ते पेन्शनीत निघाल्यावर समजलं. शेजारचा इब्राहीम टिनवाला चांद्याचा गोलकीपर आहे. माझ्या बादलीला बूड लावता लावता म्हणाला, "बाई, एक बार येऊन तं पाहा." म्हणून गेले.

एकटी जाण्यात अर्थ नव्हता. मंगलीला बरोबर घेतलं. ती माझ्याकडं धुणंभांडी करते, झरपट नदीपलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, राहते. नवरा गेला, मुलगा बांबूतोडीला जंगलात आहे, घरी सून. छत्री धरायला म्हणून नेली.

जटपुरा गेटाबाहेरच्या त्या मैदानाच्या एका टोकाला नाला आहे, दुसऱ्या टोकाला मोठी चिंच. दोरीपाशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "तुमी चिंचेकडं बसा जी, गोलाच्या मागं. तिथी कोनी बसत नाई, बॉल लागते." म्हणून तिथं बसलो. मी स्टुलावर, मंगली खाली. समोर गोलाचे दोन बांबू, आडवा बांबू, आणि ढिवरांनी विणलेली मासळीची जाळी. सगळा सामना त्या जाळीतून पाहिला.

पहिल्या अर्ध्यात इब्राहीम आमच्याच गोलात होता. माणूस पाठीकडून ओळखता येतो, हे मला वॉर्डातून फिरून ठाऊक आहे. बॉल लांब असला की त्याची पाठ सैल असते, बॉल वळला की मानेखाली एक शीर उभी राहते. तेवढं पाहून मला पुढचं सांगता येऊ लागलं.

चांद्यानं दोन गोल केले, दोन्ही पलीकडं नाल्याच्या बाजूला. तिथली माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, पण आमच्याकडं एकही झाला नाही.

मंगली विचारते, "बाई, तो शिटीवाला कोनाच्या बाजूचा?"

"कोणाच्याच नाही."

"मंग सगळे त्याले शिव्या काऊन देऊन राह्यले?"

"म्हणूनच."

तिला ते लगेच पटलं.


सोमवार, १८ नोव्हेंबर

पाठ धरली आहे, घशात धूळ. मंगलीनं सकाळी परात घासायच्या आधी ती छातीशी धरून मोरीत उडी मारली आणि म्हणाली, "इब्राहीमभाऊनं असा धरला!" पडली असती तर मलाच हाड बसवावं लागलं असतं. मी रागावले. मग चहा करून दोघींनी स्वयंपाकघरात बसून घेतला. तिची बशी, माझा कप. पुढच्या रविवारी येशील का, असं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "आपली जागा दुसऱ्या कोनी घेतली तं?"

आपली जागा!


रविवार, २४ नोव्हेंबर

बल्लारशाची टीम दांडगी. त्यांच्यामागं सायकलींवरून दोनेकशे माणसं आली होती, ढोल घेऊन. चिंचेच्या फांद्यांवर माणसं लटकलेली, एकाची टोपी माझ्या मांडीवर पडली. मी ती परत केली नाही, सामना संपेपर्यंत वर बसून राहा म्हटलं. बिडीचा धूर, बोरांच्या बिया आणि तोंडाला कुलूप नसलेले चांद्याचे सभ्य पुरुष. दोन शिव्या मी आयुष्यात प्रथमच ऐकल्या, आणि बाळंतिणींच्या वॉर्डात एवढी वर्षं काढलेल्या बाईला नवी शिवी ऐकवणं सोपं नाही.

पण खेळ! बल्लारशाच्या एका उंच माणसानं असा फटका मारला, की बॉल आमच्या नाकासमोर बांबूवर आपटून परत गेला. तेव्हा मंगली उभी राहून दोन्ही हातांनी बॉलाला हाकलत होती. कोंबड्या हाकलाव्या तशी. "जा! जा तिकडं!" आणि तो गेला. मी ओरडले. मी कधी ओरडत नाही.

चांद्यानं पलीकडं एक गोल केला आणि जिंकलं. चिंचेकडच्या गोलात याही दिवशी कोणाचा बॉल गेला नाही.

संपताना झाडावरचा एक जण म्हणाला, "मेट्रनबाईनं गोल बांधून ठेवला जी!" इकडं गावाला रोगराई किंवा वाघ येऊ नये म्हणून गोंडांचा पुजारी शिवेवर पूजा करतो. त्याला गाव बांधणं म्हणतात. एकदा बांधलं की आत काही शिरत नाही, अशी समजूत. सगळे हसून माझ्याकडं पाहायला लागले. मला असल्या लोकांपुढं गप्प बसणं जमत नाही. मी म्हटलं, "मी कॉन्व्हेंटात शिकले बाबांनो, तिथं हे शिकवत नाहीत. बांधला असेल तर हिनं. हिच्या टोल्यावर वाघाचं तोंड बांधतात, तिथं तुमचा बॉल काय!"

काय हशा झाला! झाडावरून टाळ्या पडल्या. मंगलीही पदर तोंडाला लावून हसत होती. उत्तर जागच्या जागी सुचावं लागतं. ते नानाजीसारख्यांना सात जन्मांत जमायचं नाही.


बुधवार, २७ नोव्हेंबर

टीममधले दोन जण दारात आले. मला वाटलं, माझ्याकडं. ते मंगलीला विचारत होते. नारळ, साखरेचा पुडा आणि हळदीकुंकू लावलेलं लिंबू तिच्यापुढं ठेवून म्हणाले, "बाई, आयतवारी नक्की या जी. चिंचेकडंच बसा."

मंगली माझ्याकडं पाहत राहिली. मी लिंबू उचलून सरबतात पिळलं आणि म्हटलं, नारळ-साखर घेऊन जा. साखर ती साखरच. ती म्हणाली, "घेऊ का बाई? काई होनार नाई ना?" मी म्हटलं, काय व्हायचंय, दात किडतील.

इतक्या वर्षांत हिला कोणी मान दिलेला मी पाहिला नव्हता. बरं वाटलं.


रविवार, १ डिसेंबर

माझ्या देशबांधवांचं वर्णन करायला मराठी अपुरी आहे.

आलापल्लीच्या लाकूड डेपोच्या टीमशी सामना. जिंकेल तो शेवटच्या सामन्यात नागपूरशी खेळणार. पहिल्या अर्ध्यात इब्राहीम आमच्या गोलात होता, त्यानं जे अडवलं ते मी लिहू शकत नाही. एकदा तो आडवा हवेत होता आणि मी श्वास धरून होते. तेव्हा लोक मंगलीकडं पाहून हात जोडत होते. एकानं तिच्या पायाशी फूलही टाकलं. मूर्ख! हवेत आडवा झाला इब्राहीम, आणि फूल हिच्या पायाशी.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता चांद्याला आमच्या गोलात बॉल घालायचा होता. तो जाईना. दोनदा बांबूला लागला, एकदा रेषेवरून आलापल्लीवाल्यानं पायानं काढला. मग चांद्याला पेनल्टी मिळाली. आमचा कॅप्टन आला, पळत आला, आणि बॉल चिंचेत मारला.

आधी कोणी तरी एकच जण ओरडला, "सोड ना बुढे!" मग दहा, मग सगळेच. "सोड! सोड! सोड!" हजार-दोन हजार माणसं मंगलीकडं तोंड करून ओरडत होती. कवायत केल्यासारखी. ती काही कळत नसल्यासारखी त्यांच्याकडं पाहत होती. मग तिनं दोन्ही हात उघडून दाखवले. हात रिकामे आहेत, माझ्याकडं काही नाही, असे.

ढेकूळ आलं ते तिच्या खांद्याला लागलं. मी छत्री घेऊन दोरीपर्यंत गेले आणि म्हटलं, ज्यानं मारलं त्यानं पुढं यावं, त्याच्या आईला मी ओळखत असेन. कोणी आलं नाही. कोणी येतच नसतं.

बरोबरी झाली. मंगळवारी पुन्हा खेळणार.

मंगलीला घरी आणलं. मी खांद्याला अर्निका लावलं. चहा नको म्हणाली.


मंगळवार, ३ डिसेंबर

मंगली कालही आली नाही, आजही नाही. खांदा दुखत असणार. सोबत नाही म्हणून मीही गेले नाही. घरात बसून ओरडा ऐकला. एक मोठी आरोळी आली तेव्हा खिडकीपाशी उभी राहिले. कोणाचा गोल ते कळेना. खिळे ठोकलेल्या खिडकीची आठवण झाली.

संध्याकाळी इब्राहीम सांगून गेला, चांदा जिंकलं. एकच गोल, दुसऱ्या अर्ध्यात, चिंचेकडं. मी म्हटलं, "पाहा, मंगली नसताना झालासुद्धा!" मला आनंद झाला होता. तो मात्र मान खाली घालून उभा राहिला. जिंकून आलेल्या माणसाचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं. थकला असेल.


बुधवार, ४ डिसेंबर

आज मी टोल्यावर गेले. इब्राहीम सकाळी येऊन म्हणाला, "बाई, मंगलीले तिचे लोक इहिरीवर पानी भरू देऊन नाई राह्यले. तुमी जा."

मंगली अंगणात बसली होती. सून आत, दार लावून. शेजारचा लटारू कुंपणावरून बोलत होता. त्याचा बैल गेल्या आठवड्यात मेला. बैल काविळीनं मेला असणार, मी डोळे कसे होते ते विचारलं. पिवळे होते म्हणाला.

"मग झालं तर! यात मंगलीचं काय?"

"बाई, जे इतक्या मानसाईसमोर गोल बांधते, तिले बैल काय भारी हाय?"

"तू पाहिलास बांधताना?"

"गाव पाह्यलं. ते होती तवा गेला नाई, ते नोहोती तवा गेला. आता बोला."

मी खूप बोलले. शाळेच्या पाठासारखं बोलले, बॉल, बांबू, वारा, पाय. तो शेवटपर्यंत नम्रपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सोमवारी बैठक हाय. मानसं म्हंतेत, टोला सोडून जाऊ दे. सोडून गेली तं ठीक. नाई तं..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. दवाखान्यात असताना चेटकीण म्हणून मारलेल्या अशा दोन बायका माझ्याकडं आणल्या होत्या. एक जगली.

मी मंगलीला म्हटलं, चल माझ्याकडं राहायला. ती म्हणाली, "माहा पोरगा जंगलातून कुठी येईन? इथीच येईन ना. सून एकटी हाय, दिवस गेले हायेत तिले."

"कोणी उठवलं हे? नाव सांग, मी पाहते त्याच्याकडं."

ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "तुमीच तं म्हनाल्या होत्या बाई. सगळ्याईसमोर. हिनंच बांधला म्हून."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

थट्टा होती ती. थट्टा कळू नये म्हणजे काय! सगळे हसले होते. तीही हसली होती.


गुरुवार, ५ डिसेंबर

पोलीस ठाण्यात गेले. फौजदार पोरसवदा, मिशी काल उगवलेली. म्हणतो, "अजून काही घडलं नाही ना बाई? मग फिर्याद कशाची घेऊ, गोलची?" मी म्हटलं, घडल्यावर मी फिर्याद द्यायला येणार नाही, मृतदेह तपासायला येईन. त्यानं जमादाराला सोमवारी एक फेरी मारायला सांगितलं. जमादार पलीकडं बसून दुसऱ्या शिपायाला विचारत होता, "तेच का ते चिंचेकडची?"


शनिवार, ७ डिसेंबर

झोप नाही. एकच उपाय सुचतो. उद्या मंगलीनं तिथंच बसायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तिच्यासमोर त्या गोलात बॉल जायचा. म्हणजे त्यांच्याच अकलेनं त्यांना कळेल, की हिच्या बसण्यानं काही होत नाही. कोणाचा का असेना, बॉल गेला पाहिजे.

पण पहिल्या अर्ध्यात तिथं इब्राहीम असतो. मी आज आयुष्यात प्रथम प्रार्थना केली की आपल्या माणसाला बॉल अडवता येऊ नये. सिस्टर बर्था असती तर या प्रार्थनेला काय म्हणाली असती, कोण जाणे.

इब्राहीमला हे सांगितलं, बोलता बोलता. म्हटलं, तू काळजी करू नको, तू तुझा खेळ खेळ, दुसऱ्या अर्ध्यात तुमच्यापैकीच कोणी घालेल. तो पत्रा कापत होता. कात्री थांबवून त्यानं विचारलं, "मंगली नक्की बसनार तिथी?" हो म्हटलं. पुन्हा पत्रा कापायला लागला.


रविवार, ८ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

मंगलीला मी टोल्यावरून स्वतः घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, आज आलीस तर सुटशील. ती आली, कारण माझं ऐकायची तिला सवय आहे.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूरची टीम निळ्या जर्सीत, सगळ्यांच्या पायांत बूट. आम्ही चिंचेकडं निघालो तशी गर्दी दोन्हीकडं सरकली. मानानं नाही, अंगाला अंग लागू नये म्हणून. आमच्याभोवती एवढी मोकळी जागा राहिली की शामियान्यातही नसेल.

इब्राहीम गोलात आला. सुरू होण्याआधी त्यानं एकदा वळून जाळीतून मंगलीकडं पाहिलं. मग पाठ.

नागपूरवाले खेळायला लागले तसं कळलं की हे वेगळंच प्रकरण आहे. इब्राहीमनं एक बॉल मुठीनं उडवला, एक पायांत शिरून काढला, तोंडाला बूट लागून रक्त आलं. प्रत्येक वेळी लोक आनंदानं ओरडायचे आणि मग मंगलीकडं पाहून गप्प व्हायचे. मी मनात म्हणत होते, जाऊ दे, एक जाऊ दे. आणि बॉल अडवला की माझेच हात टाळी वाजवायला उठत होते. असला सामना मला पुन्हा पाहायचा नाही.

मग मध्यंतराच्या जरा आधी नागपूरच्या एकानं लांबून बॉल सोडला. फटकासुद्धा नव्हता तो, घरंगळत आला. इब्राहीम वाकला. मी त्याची पाठ पाहत होते. मानेखालची शीर उभी नव्हती. बॉल त्याच्या हातांमधून, पायांमधून जाऊन जाळीत आला आणि आमच्यासमोर थांबला.

एवढे कठीण अडवून हा सोडला! मी रागानंच उभी राहिले, आणि मग लक्षात आलं की हेच तर मागितलं होतं. मी मंगलीचा हात धरून वर केला आणि ओरडले, "पाहा! गेला की नाही? ही इथंच आहे आणि गेला!"

मग झाडावरून कोणी तरी हळूच म्हणालं, "सोडला."

"सोडला रे तिनं."

"बांधते बी तेच, सोडते बी तेच."

"आपल्याले बांधते न् नागपूरवाल्याईले सोडते!"

मला हे कसं सुचलं नव्हतं? गेला नाही तर तिनं बांधला, गेला तर तिनं सोडला. यातून बाहेर यायला दारच नाही. लोक दोरीच्या आत येऊ लागले. धावत नव्हते, चालत होते. लटारूही होता त्यांत. मंगलीनं डोळे मिटले आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.

समजावून सांगायचं ते सगळं मी बुधवारी सांगून पाहिलं होतं. खरं बोलून काही होणार नव्हतं.

मी स्टुलावर चढले.

"तिला काय विचारता?" मी म्हटलं. वॉर्डात रात्रपाळीच्या नर्सेसना हाक मारायचे त्या आवाजात. "तिला येतं काय? भांडी घासते ती माझी. गोल मी बांधला. पहिल्या दिवसापासून मी बांधला. नानाजीनं मला खुर्ची दिली नाही तेव्हाच बांधला."

कोणी हललं नाही.

"नागपूरला शिकले मी हे. पुस्तकातून. हिच्या टोल्यावरच्या पुजाऱ्याला येत नाही ते मला येतं. आणि आता मीच सोडला, कारण गेल्या रविवारी तुमच्यातल्या एकानं माझ्या माणसाला ढेकूळ मारलं. अजून कोणी हिच्या अंगाला हात लावला, हिचं पाणी बंद केलं, तर काय काय बांधायचं ते मी ठरवीन. माझ्या हातून जन्मलेले इथं अर्धे आहेत. तुमच्या बेंब्या मी बांधल्या आहेत, विसरू नका."

मी हे बोलले. मी.

पुढचे मागे सरले, तशी मागच्यांनी वाट दिली. रेफरीनं शिट्टी वाजवली, बाजू बदलल्या, उरलेला सामना झाला. चांदा एका गोलानं हरलं. इब्राहीमला कोणी शिवी दिली नाही. त्याचा काय दोष, सगळे म्हणत होते.

तो अंधार पडायच्या आधी घरी आला, ओठ सुजलेला. मी टिंक्चर लावता लावता म्हटलं, "एवढा सोपा बॉल! माझ्या आजीनं अडवला असता." तो म्हणाला, "हात फिसलला बाई." आणि ओठ फाटलेला असून हसला. त्याला म्हटलं, सराव वाढव. हसण्यासारखं काही नव्हतं.


मंगळवार, १० डिसेंबर

टोल्यावरची बैठक झालीच नाही. जमादाराची फेरी झाली की नाही ते ठाऊक नाही. तिची गरज पडली नाही. मंगली विहिरीवर पाणी भरते, असं इब्राहीम सांगतो.

दूधवाली सुगंधाबाई काल आणि आज आली नाही.


शुक्रवार, १३ डिसेंबर

नानाजी ठेकेदारांनी नोकराबरोबर निरोप पाठवला, की पुढच्या वर्षी शामियान्यात पहिल्या रांगेत माझी खुर्ची राहील. निरोप्या दारात आला नाही, रस्त्यावरूनच ओरडून सांगून गेला. अंगणात उभी राहिले की समोरच्या घरची सून लेकराला पदराखाली घेते. बाळंतपणात त्या लेकराचं डोकं आडवं होतं, मी वळवलं, नाही तर दोघंही गेली असती. मी तिला काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं सुचतं, पण आता माझं साधं बोलणंही लोक वेगळं ऐकतात. एवढी वर्षं मला वाटत होतं की या गावात मला मान आहे. होताही. याला मान म्हणत नाहीत.

दूध इब्राहीमची आई रहमतबी पाठवते. ती म्हणते, माझा मुलगा त्या गोलात उभा होता, मला ठाऊक आहे काय झालं ते. काय ठाऊक आहे, विचारलं तर सांगत नाही.


मंगळवार, १७ डिसेंबर

आज मंगली आली. मी आतून हाक मारली, ये, चहा टाकते. ती आत आली नाही. पायरीखाली, रस्त्यावर चपला काढून उभी राहिली. चेहरा बरा होता, खांदाही बरा असावा.

"सून तापली हाय बाई. तीन दिवस झाले. थंडी भरते, मंग आग होते."

मलेरिया. विचारायचंही कारण नव्हतं. मी कपाटातून कोयनेलच्या गोळ्या काढल्या, पोटुशी आहे म्हणून किती द्यायच्या ते मोजून पुडी बांधली आणि बाहेर आले. ती दोन पावलं मागं सरली.

"गोळ्या नोको बाई."

"मग कशाला आलीस?"

ती हात जोडून म्हणाली, "माह्या सुनेले सोडा. मी कोनाले काई सांगत नाई. माह्याकडून काई चुकलं असन तं मले बांधा, तिले सोडा."

तिला माहीत आहे, असं मी धरून चालले होते. मी स्टुलावर उभी असताना तिनं माझा पदर धरला होता. मला वाटलं होतं, ती एकटी तरी जाणते.

"मंगली, मी ते तुला वाचवायला बोलले. खोटं होतं ते."

"हाव बाई," ती घाईघाईनं म्हणाली. जसं माझ्यासारख्या बाईपुढं म्हणावं तसं. "खोटंच होतं. पर सोडा ना जी तिले."

रस्त्यावर माणसं थांबली होती, लांबून. मी सगळा जन्म हेच खोडत आले. ताईत, अंगारे, गळ्यातले दोरे, सगळं मी बाळंतिणींच्या अंगावरून कापून काढलं आहे, ओरडून, रागावून. कात्री अजून खणात आहे.

सून पोटुशी, ताप तिसऱ्या दिवसात.

मी म्हटलं, "ऐक. आज एक गोळी, उद्या सकाळ-संध्याकाळ, अशा सगळ्या. दुधाबरोबर. एकही चुकवलीस तर मी सोडणार नाही. पुडी रिकामी झाली की इथं आणून दाखवायची, मग सोडीन."

तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं पदर पुढं पसरला, माझा हात लागू नये इतका लांब. मी वरून पुडी टाकली. ती पाठ न फिरवता मागं मागं चालत गेली, मग वळली आणि नदीकडं पळत सुटली.

चहा उकळून गेला होता.